तीन पहाटांचे सहा बिंदू

बेहाला, ११ ऑगस्ट २०२४

यामिनी,

तो परत येतोय. एवढंच लिहून पाकीट बंद केलं असतं तरी तुला कळलं असतं कोण ते. फोनवर सांगितलं असतं, पण तू नेहमीप्रमाणे माझ्या रक्तदाबाची चौकशी केली असतीस आणि वर्गाची घंटा झाली म्हणून फोन ठेवला असतास. रविवारीसुद्धा तुझ्या शाळेत घंटा होते हे मला गेल्या वर्षी समजलं.

तुझी आई त्याला 'जावई' म्हणायची. दोन हजार पंधराच्या हिवाळ्यात तू दोन चांगली स्थळं पुरुलियाच्या वेधशाळेत जायचंय म्हणून परतवलीस, तेव्हा मंगला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सांगत सुटली होती की आमचे जावई साडेतीनशे मीटरचे आहेत, रंगाने काळेकुट्ट आहेत आणि नऊ वर्षांतून एकदाच सासरी येतात. बायका हसल्या. तूही हसलीस. त्यानंतर या घरात तुला मनापासून हसताना मी पाहिलेलं नाही.

तर जावईबापू, म्हणजे आपला तो आकाशातला दगड, निघालेत. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्याच्या सर्वांत जवळ असतील, आणि या महिन्याअखेरपासून परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींना दिसायला हवेत. कुठे शोधायचं ते माझ्या कक्षेवरून सगळ्यांना कळवलं आहे. माझी कक्षा म्हणजे दोन हजार सोळाला छापून आलेली. तू मोजलेले त्याच्या जागेचे शेवटचे सहा बिंदू त्यात घेतलेले नाहीत. का नाहीत ते तुला माहीत आहे. पुरुलियाचं घड्याळ अकरा सेकंद पुढे गेलं होतं. त्याबद्दल आता काही उकरून काढत नाही.

निवृत्तीनंतर संस्थेने जी खोली दिली होती ती डिसेंबरअखेर सोडायची आहे. कपाट आवरतोय. पस्तीस वर्षांत मी एवढा कागद साठवला याची मलाच लाज वाटली. संस्थेचा शिपाई म्हणतो, सगळं रद्दीवाल्याला द्या. आता तू नाशिकला सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवतेस, तुला काही तक्ते हवे असतील तर कळव. लहानपणी इथल्या बंगाली शेजाऱ्यांचं ऐकून तू 'पाणी खाते' म्हणायचीस. तिथली पोरं तुझी मराठी दुरुस्त करतात का?

तुझा माझ्यावर राग आहे, हे मी धरून चालतो. पण एका घड्याळावरून माणसाने आठ वर्षं बापावर रुसून बसावं का, याचाही कधी विचार कर.

बाबा


बेहाला, २२ सप्टेंबर २०२४

यामिनी,

माझ्या जागी तो नाही.

कॅनरी बेटांवर एक ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांनी तीन रात्री शोधलं. मी सांगितलेल्या जागेच्या आजूबाजूला, पुढे-मागे, सगळीकडे पाहिलं. त्यांनी फार सभ्यपणे कळवलं. सभ्यपणे लिहिलेलं पत्र जास्त लागतं. एक तरुण मुलगी त्यांच्याकडे काम करते, तिने खाली एक प्रश्न जोडला होता: त्या वर्षीच्या शेवटच्या आठवड्याची काही निरीक्षणं तुमच्याकडे आहेत का, कारण तो सूर्याच्या उजेडात शिरत असताना जगात कुणीच त्याला पाहिलेलं दिसत नाही.

एका मुलीने पाहिलं होतं. तीन पहाटांना, थंडीत, उजाडायच्या आधीच्या वीस मिनिटांत, पुरुलियाच्या टेकडीवरून. दर पहाटेला दोन बिंदू.

मागच्या पत्रात मी लिहिलं नाही, आता लिहितो. तुझे सहाही बिंदू माझ्या वहीत आहेत. मी ते कधीच टाकून दिले नाहीत. गेल्या आठवड्यात ते घालून कक्षा पुन्हा काढली. आमचं काम किती साधं आहे ते तुला सांगायला नको: पाहिलेली जागा, गणिताने येणारी जागा, आणि दोन्हींतला फरक. फरक लहान तर सगळे खूश. तुझे बिंदू घातले आणि तो नुसता दगड नाही, त्यातून थोडा वायू सुटतोय, त्या धक्क्याने तो वाटेवरून हळूहळू सरकतोय असं मानलं, की सगळे फरक नाहीसे होतात. माझे, तुझे, सगळ्या जगाचे. आणि आजची त्याची जागा माझ्या जागेपासून चार पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत इतकी दूर येते.

त्या जागी पाहा म्हणून मी चिलीतल्या एका मोठ्या दुर्बिणीला कळवलं आहे. वेळ मिळायला महिना-दीड महिना लागेल. मी विनंतीत तुझं नाव घातलं. यामिनी मनोहर दांडेकर, निरीक्षक. ते लिहिताना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा मला राग आला.

तो तिथे सापडला तर तुझे बिंदू जगाच्या नोंदीत तुझ्या नावाने जातील. पीएच.डी. अर्धवट राहिली आहे, ती पुरी करता येईल. पस्तीस म्हणजे काही वय नाही. मला एवढंच हवं आहे आता. दुसरं काही मी मागत नाही.

गल्लीत मांडवाचे बांबू आलेत. समोरच्या घोषबाबूंनी विचारलं, मेये आशबे पूजोय, मुलगी पूजेला येणार का? मी म्हटलं, बघू, तिला शाळा असते.

बाबा


बेहाला, १७ नोव्हेंबर २०२४

यामिनी,

तुझ्या जागीही तो नाही.

चिलीहून गुरुवारी कळलं. दोन रात्री, मोठा आरसा, उत्तम आकाश. नुसते मागचे तारे. धुळीचा पुंजकासुद्धा नाही. त्यांचं म्हणणं असं की तो बहुधा केव्हाच फुटला. मधल्या नऊ वर्षांत सूर्यापासून लांब, कुणी पाहत नसताना. कदाचित तू पाहत होतीस तेव्हाच फुटायला लागला होता, आणि म्हणून तुझे बिंदू तसे आले. पण आता ते सिद्ध करता येणार नाही. जे उरलंच नाही ते कुठे असतं हे कसं दाखवणार.

तीन दिवस मी झोपून होतो. ताप वगैरे काही नव्हता. उठावंसं वाटत नव्हतं.

तो तुझ्या जागी सापडला असता तर मला काही बोलावं लागलं नसतं. आकाशानेच सांगितलं असतं की यामिनी बरोबर होती, आणि मी म्हणालो असतो, अरेच्चा, माझी चूक झाली. चूक कुणाचीही होते. त्यासाठी ही सगळी खटपट चालली होती, हे मला अंथरुणावर पडल्या पडल्या समजलं. आता तेवढी सोय राहिली नाही. तेव्हा लिहितो.

पुरुलियाचं घड्याळ बरोबर होतं.

तुला आठवत असेल, तिथलं घड्याळ उपग्रहावरून वेळ घेतं, आणि टेकडीवरचा रमेश रोज त्याची नोंद ठेवायचा. तुझे बिंदू माझ्या कक्षेत बसेनात तेव्हा मी त्याला फोन केला होता. त्याने दुसऱ्याच दिवशी त्या तीन पहाटांची नोंद पाठवली. घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत ठीक होतं. तो कागद मी खणात ठेवला आणि संध्याकाळी तुला खोलीत बोलावून सांगितलं की घड्याळ अकरा सेकंद पुढे होतं. अकरा हा आकडा मी उलटं गणित करून काढला होता. अकरा सेकंद घेतले की तुझे बिंदू माझ्या वाटेच्या जवळपास येत होते.

जवळपास. पूर्ण नाही. घड्याळ चुकलं तर वस्तू आपल्या वाटेवरच पुढे-मागे दिसते, वाटेच्या बाजूला सरकत नाही. तुझे बिंदू बाजूलाही सरकले होते. हे तू त्या संध्याकाळी मला विचारलंस. खुर्चीच्या पाठीला धरून उभी होतीस. मी म्हणालो, ते तुझ्या मोजण्यातलं आहे, थंडीत हात कापतात, चित्रातल्या ठिपक्याचा मध्य नीट धरता येत नाही. तू तुझ्या हातांकडे पाहिलंस.

का केलं ते सांगतो, त्याने काही बदलणार नाही. मी तोपर्यंत बंगळुरूच्या परिषदेत चारशे लोकांसमोर सांगून बसलो होतो की हा मेलेला दगड आहे, याच्यात वायू नाही. एका जर्मन माणसाने शंका काढली तेव्हा मी त्याला जरा खाली पाहायलाही लावलं होतं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या धूमकेतूंची गणितं केली, आता पहिल्यांदा एक माझ्या नावाने जात होतं. ते मागे घ्यायचं, आणि तेही घरातल्या मुलीमुळे. आणखी एक आहे. तू माझ्यापेक्षा चांगलं मोजतेस हे मला त्या आठवड्यात कळलं. मला ते आवडलं नाही. बापाला आवडायला हवं होतं.

मंगलाला शंका होती. तू सामान बांधून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पोळ्या करता करता विचारलं, "तिचं खरंच चुकलं होतं का हो?" मी म्हणालो, हो, खरंच चुकलं होतं. मग तिनेही तुला फोनवर तसंच सांगितलं असणार. ती गेली तेव्हा तू चार दिवस आलीस, तेव्हाही मी बोलू शकलो असतो. घरात आपण दोघंच होतो. मी तुला विमानाच्या तिकिटाबद्दल विचारत राहिलो.

आता एकच गोष्ट उरली आहे, आणि ती तुझ्याकडे आहे. तू काढलेली मूळ चित्रं. नुसत्या माझ्या वहीतल्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. संस्थेतली प्रत अम्फानच्या वादळात गेली, तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. पण तू जाताना तुझी निळी डिस्क कापडी पिशवीत घातलेली मी पाहिली होती. ती पाठव. चित्रं असली तर कुणीही परक्या माणसाने ती नव्याने मोजावी. मी हात लावणार नाही. रमेशची नोंद माझ्याजवळ आहे. दोन्ही एकत्र दिलं की तुझे सहा बिंदू तुझ्या नावाने नोंदले जातील, आणि सोबत मी काय केलं तेही.

माफी मागण्याची माझी लायकी नाही. डिस्क मात्र पाठव.

बाबा


बेहाला, ३० डिसेंबर २०२४

यामिनी,

तुझं पत्र नाही. पोस्टमनला विचारलं, दोनदा विचारलं. आता तो मला पाहिला की लांबूनच मान हलवतो.

तुझी वाट न पाहता, माझी कक्षा ज्यात छापून आली होती त्या नियतकालिकाला मी लिहिलं. रमेशच्या नोंदीची प्रत जोडली, माझा कबुलीजबाब जोडला. संपादकबाईंचं उत्तर आलं. त्या म्हणतात, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. प्रामाणिकपणा म्हणाल्या. मूळ चित्रं असतील तर निरीक्षणं घेता येतील, नसतील तर नाही, कारण ज्या माणसाने आकडे एकदा दडवले त्याच्याच वहीतले आकडे पुरावा म्हणून कसे घ्यायचे. बरोबरच आहे. मीही तेच म्हटलं असतं.

संस्थेची खोली आज सोडली. किल्ली द्यायला गेलो तर नवीन संचालक जागेवर नव्हते, म्हणून बाहेर बसलेल्या बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं आणि किल्लीला रबराने बांधलं. बसने परत आलो. आता सकाळी उठून कुठे जायचं, असा प्रश्न आहे. परवा सवयीने शर्ट इस्त्री करून घेतला.

रात्री गच्चीवर मी जात नाही. बेहाल्यातून तसंही काही दिसत नाही, पण ते कारण नाही.

तू रागाने गप्प आहेस, तर तसं लिही. शिव्या घाल. आठ वर्षं तू रागावलेली आहेस हे माहीत असून मी वागलो, आता राग ऐकायची माझी तयारी आहे. फक्त डिस्क पाठव. रागाच्या पाकिटातून पाठव.

बाबा


बेहाला, ९ फेब्रुवारी २०२५

यामिनी,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. शाळेच्या वहीचं पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. तुझं अक्षर आईसारखं झालंय. मी ते पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. आता त्यातलं तुझं म्हणणं इथे उतरवून काढतो, कारण माझ्या हाताने लिहिल्याशिवाय मला एखादी गोष्ट खरी वाटत नाही, ही जुनी खोड आहे.

"बाबा, डिस्क आहे, पण त्यात ती चित्रं नाहीत. घड्याळ चुकलं असं तुम्ही म्हणालात त्याच रात्री मी ती पुसली. चुकलेलं निरीक्षण सांभाळून ठेवू नये, उद्या ते दुसऱ्या कुणाला फसवतं, असं तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. संस्थेतली प्रतही पुसणार होते, पण तेवढ्यासाठी तुमची सही लागत होती आणि तुमच्यासमोर यायची मला लाज वाटली.

"मी रागावून गेले नव्हते. तुम्ही आठ वर्षं असं समजत होतात, हे मला तुमच्या पत्रांवरून कळलं. मला वाटलं, माझे हातच या कामाचे नाहीत. तुमच्यासारख्या माणसाची मुलगी असून साधा मध्य धरता येत नाही. फोन लवकर ठेवायचे, कारण तुम्ही मध्येच कामाचं काही विचाराल अशी भीती वाटायची. सातवीला तारे-ग्रहांचा धडा येतो तेव्हा मी तो दुसऱ्या बाईंना देते. त्या बदल्यात त्यांचा पचनसंस्थेचा शिकवते. इथे सगळ्यांना वाटतं, मला पचनसंस्था आवडते.

"तुमच्याबद्दल मी कधी कुणाला वाईट बोलले नाही. माझे बाबा धूमकेतूंची गणितं करतात, त्यांचं कधी चुकत नाही, असं मी वर्गात सांगते. सांगायचे.

"राग मला तुमचं नोव्हेंबरचं पत्र वाचून आला. पहिल्यांदाच. तो एवढा आहे की दोन महिने मला उत्तर लिहिता आलं नाही. आता पत्र पाठवू नका."

एवढंच. खाली नाव आहे.

म्हणजे त्या तीन पहाटा आता कुठेच नाहीत. संस्थेतल्या पाण्यात गेल्या, आणि राहिल्या होत्या त्या तू स्वतःच्या हाताने पुसल्यास. कारण मी सांगितलं. मी नुसतं तुझं काम बाजूला ठेवलं असं इतके दिवस मानत होतो. तू त्यावर विश्वास ठेवशील हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. तू भांडशील, रुसशील, बाप अन्याय करतो म्हणशील, आणि मनातून तुला माहीत असेल की आपण बरोबर होतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्या समजुतीवर मी आठ वर्षं जेवलो, झोपलो. माझ्यावर रागावलेली मुलगी मला चालत होती.

आणि तू तिकडे वर्गात पोरांना माझं कौतुक सांगत होतीस.

काल रात्रभर एकच विचार केला. मी गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं. तुझ्याकडे तुझं काम नव्हतंच, पण बाप होता, कधी न चुकणारा. मी पत्र लिहून तोही काढून घेतला, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. सहा आकडे आहेत, ते कुणी घेत नाही. खरं सांगितलं ते तुझ्यासाठी, असं मी नोव्हेंबरात समजत होतो. ते माझ्या छातीवरचं ओझं होतं. मी ते उतरवून तुझ्या दारात ठेवलं.

तुझे हात चांगले होते, यामिनी. मी जेवढ्या निरीक्षकांचे आकडे आयुष्यात पाहिले त्यांत तुझ्याइतका अचूक मध्य धरणारं कुणी नव्हतं. हे त्या संध्याकाळी तू खुर्चीमागे उभी होतीस तेव्हा सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

इथपर्यंत लिहून पाकिटावर तुझा पत्ताही घातला होता, तिकीटही लावलं होतं. मग तुझं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. आठ वर्षांत तू माझ्याकडे ही एकच गोष्ट मागितली आहेस.

पाठवत नाही.